परकीय नागरिकाशी विवाह : नोंदणी, प्रवेश आणि नागरिकत्व

(पेडणे तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात ग्रामस्थ, पंचायतीचे कर्मचारी आणि शिक्षक यांच्यासमोर नागरी नोंदणीच्या कामातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



लग्नासारख्या मंगल विषयावर बोलावयास नोंदणी कचेरीतल्या एका निवृत्त माणसाला का पाचारण केले असावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. लग्न जुळवितात ती घरची वडीलधारी माणसे, मुहूर्त काढतात भटजी, आणि मांडव घालतो सारा वाडा. निबंधकाच्या वाट्याला येते ती एक नोंदवही, काही सह्या आणि एक तारीख. परंतु वधूवरांपैकी एकजण परदेशाचा नागरिक असला, म्हणजे या कोरड्या गोष्टींवरच पुढील संसाराचे बरेचसे सुखदुःख अवलंबून राहते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. टेबलाच्या या बाजूला बसून पाहिले आहे.

२०२० सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट आहे. माझ्या निवृत्तीस थोडाच अवधी उरला होता. आपल्याच भागातील एक मुलगी आणि इंग्लंडात नोकरीस असलेला, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला एक गोमंतकीय मुलगा यांचे लग्न ठरले होते. आपल्याकडील कायद्याप्रमाणे दोघांनी विवाहाचा इरादा जाहीर करून पहिली सही केली. त्यानंतर किमान पंधरा दिवस हरकतींसाठी ठेवावे लागतात आणि मग दुसरी सही होऊन विवाह पुरा होतो. करोनाचे दिवस होते. विमाने बेभरवशाची होती. मुलाला यावयासच उशीर झाला होता. दुसरी सही झाली ती जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात. घरच्यांच्या दृष्टीने तो आठवडा म्हणजे काहीच नव्हे. परंतु ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला होता. त्या दिवसापर्यंत विवाह झालेला असता, तर तिथे आधीपासून राहणाऱ्या त्या मुलाच्या पत्नीला युरोपीय नागरिकाची कुटुंबीय म्हणून विनाशुल्क आणि उत्पन्नाच्या अटीवाचून जाता आले असते. तारीख उलटल्यामुळे तिला ब्रिटनच्या सर्वसाधारण कुटुंब-नियमांखाली अर्ज करावा लागला. नवऱ्याचे ठरावीक उत्पन्न, इंग्रजीची परीक्षा, क्षयरोगाची तपासणी, मोठे शुल्क, हे सर्व आले. मुलगा गोदामात काम करीत होता, आणि करोनामुळे त्याचे कामाचे तास कमी झाले होते. सव्वा वर्ष ती मुलगी माहेरीच राहिली. कोणाचीही चूक नव्हती. नोंदवहीतील तारखेचा अर्थ समुद्रापलीकडे काय लावला जातो, एवढेच कोणास ठाऊक नव्हते.

तेव्हापासून मला वाटत आले आहे की, हा विषय वकिलांच्या कचेरीत सुरू न होता गावात, शाळेत आणि पंचायतीत सुरू व्हावयास हवा.

चार निरनिराळ्या गोष्टी

आपल्या समाजात एक दृढ समजूत आहे. परदेशी नागरिकाशी लग्न झाले की त्या देशात जाण्याचा, राहण्याचा आणि नागरिक होण्याचा हक्क आपोआप मिळतो, असे लोक धरून चालतात. ही समजूत निराधार आहे. या ठिकाणी चार गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली, विवाह कायद्याने वैध असणे. दुसरी, जोडीदाराच्या देशात प्रवेश मिळणे. तिसरी, तेथे कायम वास्तव्याची अनुमती मिळणे. आणि चौथी, नागरिकत्व. पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरी चढता येत नाही हे खरे. पण पहिली चढली म्हणून उरलेल्या तीन आपोआप चढल्या जात नाहीत. प्रत्येक पायरीचा अर्ज वेगळा, पुरावा वेगळा आणि निर्णय करणारा अधिकारी वेगळा.

एके काळी कायदा याहून फार निराळा होता. पतीचे राष्ट्र तेच पत्नीचे राष्ट्र, असे अनेक देशांत मानले जाई. ब्रिटिश स्त्रीने परक्या नागरिकाशी लग्न केले तर ती आपले ब्रिटिश नागरिकत्व गमावीत असे. हा नियम १९४९ पर्यंत कमीअधिक स्वरूपात टिकला. अमेरिकेत १९०७ च्या कायद्याने तसेच केले होते. १९२२ साली तेथे सुधारणा झाली; परंतु ज्यांना अमेरिकेचे नागरिक होण्यास अपात्र ठरविले होते अशा आशियाई पुरुषांशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रिया त्यानंतरही काही वर्षे आपल्याच देशात परक्या ठरत राहिल्या. आणि १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांनाही अपात्रच ठरविले होते. १९५७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारात विवाहाने किंवा घटस्फोटाने पत्नीचे नागरिकत्व आपोआप बदलू नये, हे तत्त्व मान्य झाले.

आपल्या देशाचा १९५५ चा नागरिकत्व अधिनियम याच विचाराचा आहे. भारतीय मुलीने परदेशी नागरिकाशी लग्न केले म्हणून तिचे भारतीय नागरिकत्व जात नाही. ती स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेईल, तेव्हाच ते जाते. माहेरच्या माणसांनी हे वाक्य मनात कोरून ठेवावे.

पहिली पायरी : विवाहाची नोंद

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी कायद्याची पद्धत चालू आहे. येथे विवाह हा नागरी नोंदणीने सिद्ध होतो. देवळातील किंवा घरच्या मांडवातील विधी समाजाच्या दृष्टीने पवित्र आहेत. परंतु केवळ त्यांच्या आधारे परदेशी वकिलातीसमोर उभे राहता येणार नाही. लग्नपत्रिका, छायाचित्रे आणि भटजींचा दाखला हे पूरक पुरावे आहेत. मुख्य पुरावा नोंदणीचा. वर किंवा वधू परदेशी असल्यास त्याचे पारपत्र, व्हिसा, जन्माचा दाखला, आणि विवाहास कायदेशीर अडथळा नसल्याचे त्याच्या देशाच्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. पूर्वी विवाह झालेला असेल तर घटस्फोटाचा अंतिम हुकूम किंवा पूर्वीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला लागतो. हे कागद येण्यास आठवडे लागतात. म्हणून मुहूर्त आधी आणि कागद मागून, हा क्रम उलटा करावा.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पतिपत्नींच्या मालमत्तेचे समाईकीकरण होते, हे आपणास ठाऊक आहेच. जोडीदार परदेशी असेल आणि मालमत्ता दोन देशांत असेल, तर हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. तेव्हा सही करण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. सहीनंतर तो करार करता येत नाही.

ज्यांचे विवाह बेळगाव, कारवार किंवा मुंबई अशा ठिकाणी होतात, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह अधिनियम आहे. त्याखाली वधूवरांपैकी एकाने तरी नोटिशीपूर्वी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते, नोटिशीनंतर तीस दिवस थांबावे लागते आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. विवाह परदेशातच करावयाचा असेल, तर १९६९ च्या परदेशी विवाह अधिनियमाप्रमाणे भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर तो करता येतो. वधूवरांपैकी एकजण भारतीय नागरिक असला म्हणजे पुरे.

कागदांविषयी एक अनुभव सांगतो. अर्ज रखडण्याचे सर्वांत मोठे कारण मी पाहिले ते नावातील फरकाचे. आपल्या आजोबांच्या पोर्तुगीज नोंदीत कामत हे आडनाव ‘कामोतिम’ होते, नाईक या आडनावाचे रोमन स्पेलिंग निराळेच होते. शाळेच्या दाखल्यावर तिसरे आणि आधारपत्रावर चौथे. गावात सर्वांना ठाऊक असते की हा माणूस एकच आहे. लिस्बनमधील किंवा लंडनमधील अधिकाऱ्यास ते ठाऊक नसते. शिक्षकांना माझी विनंती आहे की, शाळेत नाव घालताना जन्माच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. तुमच्या हातून झालेली एका अक्षराची चूक वीस वर्षांनंतर एखाद्या मुलीला न्यायालयाची पायरी दाखविते.

परदेशात सादर करावयाच्या दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’ हे प्रमाणीकरण लागते. भारत २००५ साली या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. त्यामुळे पोर्तुगाल, ब्रिटन, अमेरिका यांसारख्या सदस्य देशांसाठी प्रत्येक वकिलातीचे वेगळे शिक्के घेत हिंडण्याची गरज राहिलेली नाही.

दुसरी व तिसरी पायरी : प्रवेश आणि वास्तव्य

आता जोडीदाराच्या देशात जाण्याचे नियम पाहू. देश अनेक आहेत. आपल्या मुलामुलींचा ज्यांच्याशी अधिक संबंध येतो अशा तिघांपुरतेच बोलतो.

ब्रिटनमध्ये पत्नीला किंवा पतीला नेण्यासाठी दोघांचेही वय किमान अठरा असावे लागते आणि दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. नेणाऱ्याच्या वार्षिक उत्पन्नाची किमान मर्यादा जुलै २०१२ पासून १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. येथून अर्ज करणाऱ्या पत्नीची गोव्यातील नोकरी कितीही चांगली असली, तरी तो पगार या हिशेबात धरला जात नाही. अर्जदारास प्राथमिक पातळीच्या इंग्रजी संभाषणाची परीक्षा द्यावी लागते. इंग्रजी माध्यमातील पदवी असल्यास ती पडताळून घेऊन सूट मिळू शकते. पहिला व्हिसा सुमारे पावणेतीन वर्षांचा असतो, तो वाढवून घ्यावा लागतो, आणि कायम वास्तव्याचा अर्ज त्यानंतरच करता येतो. ज्यांचा विवाह ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचा आहे आणि ज्यांचा युरोपीय जोडीदार त्यापूर्वीपासून ब्रिटनमध्ये राहत आहे, त्यांची वाट वेगळी व सोपी आहे. त्या तारखेपूर्वीचे दीर्घकाळचे सहजीवन सिद्ध करणाऱ्या अविवाहित जोडप्यांनाही त्या वाटेने जाता येते. परंतु आपल्याकडील ठरवून झालेल्या लग्नात तसा पुरावा कोठून असणार?

जोडीदार पोर्तुगीज नागरिक असून फ्रान्स, जर्मनी, आयर्लंड यांसारख्या युरोपीय संघाच्या दुसऱ्या देशात काम करीत असेल, तर २००४ सालच्या युरोपीय निर्देशानुसार त्याच्या पत्नीला त्याच्यासह तेथे राहण्याचा हक्क आहे, आणि साधारणपणे पाच वर्षांचे वास्तव्यपत्र मिळते. पुढे घटस्फोट झाला तरी, विवाह तीन वर्षे टिकलेला असेल आणि त्यांपैकी एक वर्ष त्या देशात गेले असेल, तर तिचे वास्तव्य टिकू शकते. छळाच्या प्रसंगी याहून कमी मुदतीतही सवलत आहे.

अमेरिकेचा प्रकार आणखी निराळा. तेथील नागरिक आपल्या वाग्दत्त वधूसाठी किंवा वरासाठी विशेष व्हिसा मागू शकतो. मात्र तेथे पोहोचल्यापासून नव्वद दिवसांच्या आत त्याच व्यक्तीशी लग्न झाले पाहिजे. कायम वास्तव्य मिळताना विवाहास दोन वर्षे पुरी झालेली नसतील, तर ते सशर्त आणि दोनच वर्षांचे मिळते. ती मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पतिपत्नींनी मिळून अट काढून टाकण्याचा अर्ज करावयाचा असतो. ‘नवऱ्याने सही केली नाही तर तू बेकायदेशीर ठरशील’ अशी धमकी येथेच दिली जाते. ती धमकी अर्धसत्य आहे. छळ झाला असेल, किंवा प्रामाणिकपणे केलेला विवाह पुढे मोडला असेल, तर पत्नी एकटीच अर्ज करून सूट मागू शकते. हे तिला विमानात बसण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.

तिन्हीकडे एक गोष्ट समान आहे. विवाह खरा आहे, केवळ कागदोपत्री नाही, हे पटविण्याचा भार अर्जदारावर असतो. पत्रव्यवहार, भेटींची प्रवासतिकिटे, दोन्ही घरच्या माणसांसह काढलेली छायाचित्रे जपून ठेवावीत. आणि पैसे घेऊन कागदी लग्न लावून देणारा दलाल गावात आला, तर त्यास वाट दाखवावी. फसवणुकीचा ठपका एकदा बसला की पुढचे सर्व अर्ज संशयाच्या छायेत येतात.

उलट दिशेने : परदेशी सून किंवा जावई

आता परदेशी जोडीदार आपल्याकडे येऊन राहणार असेल तर काय? पर्यटक व्हिसावर आलेली व्यक्ती भारतीयाशी लग्न करून तशीच राहू शकत नाही. भारतीयाच्या जोडीदारासाठी एक्स वर्गाचा प्रवेश-व्हिसा आहे. येथे असताना लग्न झाल्यास परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे रूपांतरासाठी अर्ज करावा. व्हिसा एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. परकीयांविषयीचे १९२०, १९३९ आणि १९४६ सालचे जुने कायदे आता गेले असून त्यांच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून २०२५ चा ‘इमिग्रेशन आणि परकीय नागरिक अधिनियम’ लागू झाला आहे. मुदत संपूनही राहणे हा गुन्हा आहे. ‘आमच्या घरची सून आहे’ हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

विवाहाची नोंद होऊन तो अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असेल, तर परदेशी जोडीदारास ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे ओसीआय कार्ड मिळू शकते. त्यापूर्वी सुरक्षाविषयक चौकशी होते. या कार्डाने आजीव येण्याजाण्याची सोय होते. पण नावात ‘सिटिझन’ असला तरी हे नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि विवाहाच्या आधाराने मिळालेले कार्ड विवाह मोडल्यास रद्द होते.

प्रत्यक्ष भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर भारतीयाशी विवाहित व्यक्तीने सात वर्षे भारतात वास्तव्य केलेले असावे लागते. अर्जापूर्वीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षे, असा तो हिशेब आहे.

चौथी पायरी आणि पोर्तुगीज पासपोर्ट

आता मी आपल्या गोमंतकाच्या विशेष प्रश्नाकडे येतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने येथील लोक भारतीय नागरिक झाले. पुढे ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तथापि, मुक्तीपूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या संततीला आपली जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात करून पोर्तुगीज राष्ट्रीयत्व सिद्ध करण्याचा मार्ग पोर्तुगालच्या कायद्याने खुला ठेवला. हजारो कुटुंबे त्या मार्गाने गेली. त्यांस दोष देण्यासाठी मी उभा नाही. पोटासाठी देशांतर करणे आपणास नवे नाही. मुंबईस जाणारी आपल्या पणज्यांची पिढीही त्याच कारणाने गेली होती.

परंतु मुलीच्या बापाने दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली अशी की, भारताच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. नियोजित जावयाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर तो भारतीय नागरिक राहिलेला नाही, मग त्याचे नाव अजून मतदारयादीत असो की रेशनकार्डावर असो. जुना भारतीय पासपोर्ट त्याने परत केला आहे काय, हे विचारण्यात अवमान नाही. ते न केल्यास पुढे ओसीआयच्या वेळी, आणि मालमत्तेच्या व्यवहारातही अडचण येते.

दुसरी गोष्ट अशी की, त्याच्याशी विवाह झाल्याने मुलगी पोर्तुगीज होत नाही. पोर्तुगालच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यात, विवाहास तीन वर्षांहून अधिक काळ झाल्यावर विवाह टिकून असतानाच घोषणा करावयाची, अशी तरतूद आहे. आणि संबंधित देशाशी खरा संबंध नाही असे वाटल्यास तेथील सरकारी पक्ष हरकत घेऊ शकतो. शिवाय गोव्यातील विवाहाची नोंद पोर्तुगालच्या नोंदवहीत चढविली गेली पाहिजे. ती चढविली नाही, तर त्या कागदांच्या दृष्टीने जावई अविवाहितच राहतो. या एका वाक्याचा अर्थ किती खोल जातो, हे मी आपल्या विचारावर सोपवितो.

आणि ती मुलगी पुढे पोर्तुगीज किंवा ब्रिटिश नागरिक झालीच, तर त्या दिवशी तिचे भारतीय नागरिकत्व संपते. हा निर्णय तिचा आहे. तो तिने समजून उमजून घ्यावा, कोणी पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करून नव्हे.

मुलांचे काय?

३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल भारतीय ठरण्यासाठी आईवडिलांपैकी एकजण भारतीय नागरिक असावा आणि दुसरा बेकायदेशीररीत्या आलेला नसावा. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते, आणि त्याच्यापाशी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांनी लिहून द्यावे लागते. येथे उपस्थित भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १० डिसेंबर १९९२ पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलास केवळ पित्याच्या नात्यानेच भारतीय नागरिकत्व मिळत असे. मातेच्या नात्यास तो मान नव्हता. त्या दिवसापासून तो मिळाला. हक्क असे उशिरा येतात. आलेले हक्क तरी आपण माहीत करून घ्यावेत.

दार बंद झाले तर

शेवटचा विषय अप्रिय आहे, पण तो टाळून हे व्याख्यान पुरे होणार नाही. निवृत्तीनंतर माझ्याकडे एक भगिनी आली. लग्नानंतर चार वर्षे ती परदेशी होती. नवरा सुटीला म्हणून तिला गोव्यास घेऊन आला, तिचा पासपोर्ट आणि वास्तव्याचे कागद घेऊन एका पहाटे एकटाच परत गेला. माहेरच्या माणसांनी सहा महिने ही गोष्ट झाकून ठेवली. लोक काय म्हणतील, या एका भीतीपायी. मी तिला विचारले, ‘बाई, कागदांच्या प्रती आहेत का?’ ती म्हणाली, ‘आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंकडे ठेवल्या होत्या, जाताना त्यांनीच मागून घेतल्या होत्या.’ त्या प्रतींमुळेच तिची बाजू उभी राहिली.

अशा स्त्रीला आज काय करता येते, ते क्रमाने सांगतो. पासपोर्ट हिरावल्याची तक्रार ताबडतोब पोलिसांत नोंदवावी. राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ पतींविषयीच्या तक्रारींसाठी २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे तक्रार-संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे, आणि परदेशात अडकलेल्या स्त्रियांना आपल्या वकिलातींमार्फत कायदेशीर साहाय्यही मिळू शकते. ब्रिटनमध्ये छळामुळे विवाह मोडलेल्या पत्नीस स्वतःच्या नावाने कायम वास्तव्य मागता येते. आणि ज्या पत्नीला नवऱ्याने परदेशात नेऊन टाकून दिले, तिला ३१ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनच्या बाहेरूनही असा अर्ज करता येतो. त्या भगिनीने याच तरतुदीखाली अर्ज केला आणि तिला परत जाण्याची अनुमती मिळाली.

परदेशी न्यायालयाचा एकतर्फी घटस्फोटाचा हुकूम टपालाने आला, तर सर्व संपले असे समजू नये. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेराव्या कलमाप्रमाणे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निर्णयाप्रमाणे, पत्नीला आपले म्हणणे मांडण्याची खरी संधी न देता मिळविलेला असा हुकूम येथे डोळे झाकून मान्य केला जात नाही. मात्र तो कागद पेटीत टाकून ठेवू नये. तो घेऊन वकिलाकडे जावे.

समारोप

ग्रामस्थहो, मी नियम पुष्कळ सांगितले. ते सर्व ध्यानात राहणार नाहीत, आणि राहावेत अशी अपेक्षाही नाही. शिवाय असे नियम वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या वेळी त्या त्या सरकारचे चालू नियम पाहणे अगत्याचे आहे. परंतु तीन कामे अशी आहेत, जी उद्यापासून आपल्या गावात होऊ शकतील.

पंचायतीने, परदेशी नागरिकाशी ठरणाऱ्या प्रत्येक विवाहाच्या वेळी घरच्या माणसांना एवढेच विचारावे की, मुलाचे नागरिकत्व कोणत्या देशाचे, तेथे त्याचा वास्तव्याचा दर्जा कोणता, आणि पूर्वीच्या विवाहाविषयीचा दाखला पाहिला काय? जुन्या काळी स्थळ बघताना घर, शेत आणि गोत्र पाहत. आता त्यात या तीन प्रश्नांची भर घालावी.

शिक्षकांनी आपल्या माजी विद्यार्थिनींना सांगावे की, विवाहाचा दाखला, पासपोर्ट व व्हिसा यांच्या प्रती माहेरी किंवा शाळेत विश्वासाने ठेवाव्यात, आणि मूळ पासपोर्ट स्वतःच्याच ताब्यात असावा. पासपोर्ट हा नवऱ्याच्या पेटीत ठेवावयाचा दागिना नव्हे.

आणि आईबापांनी, मुलीला निरोप देताना ओटी भरावी, डोळे पुसावेत, आणि त्याच वेळी तिला हेही सांगावे की काही विपरीत घडले तर या घराचे दार उघडे आहे. ब्रिटनच्या वा अमेरिकेच्या सरहद्दीवरील दार कोणासाठी उघडावयाचे, हे तेथील सरकार ठरवील. माहेरचे दार मात्र आपल्या हाती आहे. माझ्याकडे आलेल्या त्या भगिनीसाठी ते दार सहा महिने अर्धेच उघडे होते, हे मला आजही विसरता येत नाही.

 कोणास आपले कागद दाखवावयाचे असतील, तर मी सभा संपल्यावर शाळेच्या ओसरीवर बसणार आहे. जय हिंद.